आम्लपित्तावरील अल्पछेदी उपचार आणि दीर्घकालीन निष्पत्तीचा प्रश्न : लोणावळ्याच्या योगचिकित्सा-परंपरेच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

सारांश

जुनाट आम्लपित्त, अर्थात जठरातील आम्ल वारंवार अन्ननलिकेत चढणे, हा विकार जीवघेणा क्वचितच ठरतो. पण तो वर्षानुवर्षे सोबत राहतो. म्हणूनच या विकारावरील कोणत्याही उपचाराची खरी परीक्षा पहिल्या महिन्यात नव्हे, तर पाचव्या, दहाव्या आणि विसाव्या वर्षी होते. प्रस्तुत निबंधात दोन परंपरांचा इतिहास शेजारी ठेवून पाहिला आहे. पहिली, १९२४ पासून मावळातील लोणावळा येथे कैवल्यधाम संस्थेत विकसित झालेली शस्त्रविरहित योगचिकित्सा. आणि दुसरी, निसेन यांच्यापासून दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेपर्यंत आलेली शल्यचिकित्सा. तात्कालिक परिणाम मोजण्याचे धाडस दोन्ही परंपरांनी दाखविले. मात्र दीर्घकालीन पाठपुराव्याचा हिशेब शल्यचिकित्सेने अधिक चिकाटीने ठेवला आणि तो ठेवताना स्वतःचे अपयशही नोंदविले. लोणावळ्याच्या परंपरेपुढील पुढचे कार्य हेच आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : आम्लपित्त, आम्लप्रतिप्रवाह, कैवल्यधाम, स्वामी कुवलयानंद, उड्डियान, दुर्बिणीची शस्त्रक्रिया, पाठपुरावा, मावळ.

१. प्रस्तावना

'घशाशी येते', 'छातीत जळजळते', 'करपट ढेकर येतात', 'तोंडाला आंबट पाणी सुटते' ही मराठी घरांतील नित्याची वाक्ये आहेत. ती इतकी नित्याची आहेत की त्यामागे एखादा विकार आहे आणि त्या विकाराला इतिहास आहे, याची जाणीवही आपणांस सहसा होत नाही. अवेळी जेवण, जागरण आणि बैठे काम यांमुळे आपल्या शिक्षकवर्गालाही हा विकार अपरिचित नाही. सकाळी उपाशीपोटी एक गोळी घेणे हा अनेकांच्या दिनक्रमाचाच भाग झाला आहे. 'ही गोळी किती वर्षे घ्यायची?' या प्रश्नाशी मात्र रुग्ण आणि वैद्य दोघेही अडखळतात.

या प्रश्नाला आज साधारणपणे तीन उत्तरे दिली जातात. एक, औषध चालू ठेवा. दोन, दुर्बिणीने शस्त्रक्रिया करून घ्या. तीन, आहार-विहार बदला, योग करा. पहिल्या उत्तरात औषध न संपण्याची चिंता आहे, दुसऱ्यात शस्त्राची भीती आहे आणि तिसऱ्यात निश्चितीचा अभाव आहे. या तिन्हींतून विवेकाने निवड करावयाची असेल, तर प्रत्येक उत्तरामागे किती वर्षांचा आणि कशा प्रकारचा पुरावा उभा आहे, हे पाहावे लागते. हा प्रश्न वैद्यकाचा आहे तितकाच इतिहासाचाही आहे. कारण पुरावा एका दिवसात निर्माण होत नाही; कुणीतरी, कुठेतरी, काही विशिष्ट परिस्थितीत तो नोंदवून ठेवलेला असतो.

येथे 'अल्पछेदी उपचार' ही संज्ञा मोठी चीर न घेता, लहान छिद्रांतून किंवा तोंडावाटे दुर्बीण घालून केलेल्या उपचारांसाठी वापरली आहे. लोणावळ्याची योगचिकित्सा या अर्थाने अल्पछेदीही नाही, ती अच्छेदीच आहे. तरीही दोहोंचे उद्दिष्ट एकच आहे : आयुष्यभराच्या औषधातून आणि मोठ्या शस्त्रक्रियेतून रुग्णाला सोडविणे. म्हणून दोहोंना एकच प्रश्न विचारणे न्याय्य ठरते. तुमच्याकडून बरा होऊन गेलेला रुग्ण दहा वर्षांनी कसा आहे?

२. आम्लपित्त : संज्ञा आणि परंपरा

चरक व सुश्रुत या संहितांत आम्लपित्ताला स्वतंत्र अध्याय नाही. त्याचे स्वतंत्र वर्णन काश्यपसंहितेत व पुढे माधवनिदानात आढळते. माधवनिदानात ऊर्ध्वग आणि अधोग असे त्याचे दोन प्रकार केले असून अन्नाचा अपाक, मळमळ, कडू-आंबट ढेकर, जडपणा, अरुची आणि हृदय व कंठ यांच्या ठिकाणी दाह ही लक्षणे सांगितली आहेत. आधुनिक वैद्यकातील आम्लप्रतिप्रवाहाशी यांतील ऊर्ध्वग प्रकाराचे साम्य जवळचे आहे. तथापि दोन्ही संज्ञा समानार्थी समजणे योग्य नाही. आम्लपित्त या संज्ञेत अपचन, जठरदाह व जठरव्रण यांतील बऱ्याच लक्षणांचा समावेश होतो, तर आम्लप्रतिप्रवाह म्हणजे अन्ननलिका व जठर यांच्या सांध्यावरील झडपेसारखी रचना शिथिल होऊन आम्ल वर चढणे. हा भेद ध्यानात न घेतल्यास उपचारांची तुलना फसवी ठरते.

काश्यपसंहितेतील एक निरीक्षण आपल्या प्रदेशाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. हा विकार अनूप, म्हणजे पाणथळ व दमट प्रदेशात अधिक आढळतो. औषधाने शमन न झाल्यास रुग्णाने देशांतर करावे, असा तिचा आशय आहे. आता लोणावळा हे सह्याद्रीच्या माथ्यावरील, वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणारे गाव! संहितेच्या काटेकोर भाषेत आम्लपित्ताच्या रुग्णाने येथून निघून जावे असे ठरेल. पण विसाव्या शतकात घडले ते नेमके उलट. मुंबई-पुण्याचे रुग्ण पोटाच्या तक्रारी घेऊन लोणावळ्यास येऊ लागले. देशांतराचे तत्त्व कायम राहिले, दिशा मात्र बदलली.

हठयोगाच्या ग्रंथांत या विकाराचे वेगळे प्रकरण नसले तरी अन्नमार्गाच्या शुद्धीचा विचार तपशिलाने आला आहे. हठप्रदीपिकेत धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली व कपालभाती ही षट्कर्मे सांगितली आहेत. घेरंडसंहितेत हृद्धौतीचे दंड, वमन आणि वास असे तीन प्रकार आहेत. कोमट पाणी पिऊन ते ओकून टाकण्याची वमनधौती आणि ओल्या वस्त्राची पट्टी गिळून बाहेर काढण्याची वस्त्रधौती या क्रिया पुढे योगचिकित्सेत पोटाच्या विकारांसाठी योजल्या गेल्या. साधकाच्या शुद्धीसाठी सांगितलेली क्रिया रुग्णाच्या उपचारासाठी वापरणे हे एक मोठे स्थित्यंतर होते. ते घडवून आणण्यात लोणावळ्याचा वाटा फार मोठा आहे.

३. लोणावळा : हवापालटाच्या गावी प्रयोगशाळा

बोरघाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये पूर्ण झाला आणि मुंबई व पुणे ही शहरे अखंड रेल्वेने जोडली गेली. घाटमाथ्यावरील खंडाळा व लोणावळा ही गावे त्यामुळे हवापालटाची ठिकाणे बनली. श्रीमंतांचे बंगले, आरोग्यभुवने आणि विश्रांतीसाठी येणारा शहरी मध्यमवर्ग यांनी या गावांचे रूप बदलले. 'लोणावळ्याची हवा चांगली' हे वाक्य रूढ झाले ते याच काळात. ज्या गावाची आरोग्यदायी म्हणून ख्याती आधीच झाली होती, त्या गावी आरोग्यविषयक संस्था स्थापन व्हावी यात नवल नाही.

कैवल्यधामचे संस्थापक स्वामी कुवलयानंद यांचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोई येथे झाला. बडोद्यास राजरत्न माणिकराव यांच्याकडे त्यांनी शारीरिक शिक्षणाचे धडे घेतले. पुढे खानदेशात अमळनेर येथे राष्ट्रीय शिक्षणाचे कार्य केले. नर्मदाकाठी मालसर येथील परमहंस माधवदासजी यांच्याकडून १९१९ च्या सुमारास त्यांना योगाची दीक्षा मिळाली. म्हणजे व्यायाम, राष्ट्रीय शिक्षण आणि योगसाधना असे तीन प्रवाह या एका व्यक्तीत एकत्र आले होते. त्यांत चौथा प्रवाह मिळाला तो प्रयोगशाळेचा. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी आपल्या काही विद्यार्थ्यांवर उड्डियान व नौली या क्रियांचे क्ष-किरणांच्या साहाय्याने निरीक्षण केले. या प्रयोगांनी त्यांच्या आयुष्याची दिशा निश्चित झाली. ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधामची स्थापना झाली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू झाले.

आश्रम आणि नियतकालिक यांचा जन्म एकाच वेळी व्हावा, ही बाब अर्थपूर्ण आहे. गुरुमुखातून शिष्याच्या कानी जाणारी विद्या छापील पानावर, आकृत्या व छायाचित्रे यांसह, अपरिचित वाचकाच्या परीक्षेसाठी मांडणे हे योगाच्या परंपरेत नवे होते. जोसेफ ऑल्टर यांनी आधुनिक भारतातील योगाविषयीच्या आपल्या २००४ च्या ग्रंथात कुवलयानंदांच्या कार्याला मध्यवर्ती स्थान दिले आहे, ते याच कारणाने.

४. क्ष-किरणाने काय दाखविले?

उड्डियानात पूर्ण श्वास सोडल्यावर श्वास न घेता बरगड्या विस्फारतात. श्वासपटल वर उचलले जाते आणि पोट आत ओढले जाते. नौलीत पोटाचे सरळ स्नायू वेगळे काढून फिरविले जातात. या क्रियांच्या वेळी आत काय घडते याविषयी पूर्वी केवळ तर्क होता. बेरियमचे मिश्रण पाजून घेतलेल्या क्ष-किरण छायाचित्रांनी पोटातील अवयवांच्या हालचाली प्रत्यक्ष दाखविल्या. तसेच नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब निर्माण होतो, हे दाबमापकाच्या साहाय्याने दाखविण्यात आले. या अंशतः निर्वात स्थितीस कुवलयानंदांनी आपल्या गुरूंच्या नावे 'माधवदास निर्वात' असे नाव दिले. बस्तीक्रियेत पाणी आत कसे ओढले जाते, याचे भौतिक कारण त्यामुळे समजले. गूढ शक्तीचा आधार घेण्याची गरज उरली नाही.

या प्रयोगांचे मोल कमी लेखता येणार नाही. भारतातील एका खाजगी आश्रमात, अत्यंत मर्यादित साधनांनिशी, परंपरेतील क्रियांना प्रश्न विचारण्याचे आणि उत्तर यंत्रावर तपासण्याचे हे धैर्य होते. परंतु क्ष-किरणाच्या पत्र्याची एक अंगभूत मर्यादा आहे. तो त्या क्षणी काय घडले ते सांगतो. सहा महिन्यांनी काय झाले हे सांगण्यासाठी वेगळे साधन लागते, आणि ते साधन यंत्र नसून नोंदवही आहे. श्वासपटल वर उचलले जाणे ही एक गोष्ट. नियमित अभ्यासाने ते बळकट होणे ही दुसरी. आणि त्या बळकटीमुळे रुग्णाचे आम्ल वर येणे कायमचे थांबणे ही तिसरी. पहिलीवरून तिसरीवर उडी मारण्याचा मोह योगचिकित्सेच्या लोकप्रिय लेखनाला वारंवार झालेला दिसतो. प्रयोगशाळेतील वस्तुस्थितीचा आधार घेऊन दवाखान्यातील दावा करणे ही गल्लत होय.

५. प्रयोगशाळेकडून रुग्णालयाकडे

पुढील चार दशकांत संस्थेचा विस्तार होत गेला. मुंबईत १९३६ मध्ये चौपाटीवर ईश्वरदास चुनीलाल यौगिक आरोग्य केंद्र सुरू झाले. १९४४ मध्ये शास्त्रीय व वाङ्मयीन संशोधनासाठी कैवल्यधाम श्रीमन्माधव योगमंदिर समितीची स्थापना झाली. १९६१ मध्ये लोणावळ्यास श्रीमती अमोलकदेवी तीरथराम गुप्ता यौगिक रुग्णालय उघडण्यात आले. जुनाट, कार्यात्मक स्वरूपाच्या विकारांवर योगपद्धतीने उपचार करणे हे त्याचे घोषित उद्दिष्ट होते. १९६३ मध्ये कुवलयानंद व डॉ. शं. ल. विनेकर यांचा योगचिकित्सेच्या मूलतत्त्वांवरील इंग्रजी ग्रंथ केंद्र शासनाच्या आरोग्य शिक्षण विभागाने प्रसिद्ध केला. १८ एप्रिल १९६६ रोजी कुवलयानंदांचे निधन झाले.

या ग्रंथातील चिकित्सेची मांडणी लक्षणीय आहे. आसने व क्रिया हा तिचा एक भाग आहे. योग्य मनोवृत्तींची जोपासना, युक्त आहार आणि उत्सर्जनाच्या नैसर्गिक प्रक्रियांना साहाय्य हेही तितकेच महत्त्वाचे मानले आहे. म्हणजे लोणावळ्यास येणाऱ्या रुग्णाला एखादे आसन 'औषध' म्हणून दिले जात नव्हते. त्याला एक दिनचर्या दिली जात होती. वेळेवर व सौम्य जेवण, रात्री लवकर निजणे, मद्य-तंबाखू वर्ज्य, ताणापासून दूर वास्तव्य आणि मार्गदर्शनाखाली अभ्यास या साऱ्यांचा तो एकत्रित परिणाम होता.

येथे संशोधकापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. वजन कमी करणे, झोपण्यापूर्वी दोन-तीन तास काही न खाणे, बिछान्याची उशाकडील बाजू उंच करणे या उपायांचा आम्लप्रतिप्रवाहात उपयोग होतो, हे आधुनिक वैद्यकही मान्य करते. मग लोणावळ्यात तीन आठवडे राहून ज्याची जळजळ थांबली, त्याला गुण कशाने आला? उड्डियानाने, वमनधौतीने, सात्त्विक जेवणाने की केवळ मुंबईपासून दूर राहिल्याने? आणि घरी परतल्यावर यांपैकी काय टिकले? रुग्ण घाट उतरून गेला की तो संस्थेच्या दृष्टीआड होत असे. ज्या लोहमार्गाने तो येथे आला, त्याच लोहमार्गाने तो आपल्या जुन्या दिनचर्येतही परतत असे. निवासी उपचारांचे बळ आणि त्यांची मर्यादा एकाच गोष्टीत आहे, असे म्हणावे लागते.

संशोधनाची परंपरा पुढेही चालू राहिली. १९६९ मध्ये करंबेळकर, भोळे व घरोटे यांनी योगासनांचा मूत्रातील यूरोपेप्सिनच्या उत्सर्जनावर होणारा परिणाम एका राष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. पेप्सिन हे जठरातील पाचक द्रव्य असल्याने हा अभ्यास आपल्या विषयाच्या अगदी निकटचा आहे. १९७० मध्ये हठप्रदीपिकेची व १९७८ मध्ये घेरंडसंहितेची चिकित्सक आवृत्ती संस्थेकडून प्रसिद्ध झाली. ग्रंथाची पाठचिकित्सा आणि शरीराची जैवरासायनिक चाचणी एकाच आवारात चालावी, हे भारतीय संस्थाजीवनातील दुर्मीळ उदाहरण आहे. २०२४ मध्ये संस्थेने शंभर वर्षे पूर्ण केली.

६. शल्यचिकित्सेची वाटचाल

आता दुसऱ्या परंपरेकडे वळू. आम्ल वर चढल्यामुळे अन्ननलिकेचा दाह होतो, ही कल्पना विंकेलस्टाईन यांनी १९३५ मध्ये न्यूयॉर्कहून मांडली. म्हणजे कैवल्यधामची स्थापना झाली तेव्हा या विकाराचे आजचे स्वरूप पाश्चात्त्य वैद्यकालाही स्पष्ट झालेले नव्हते. १९३६ मध्ये जर्मनीतून परागंदा झालेले शल्यविशारद रुडॉल्फ निसेन यांनी इस्तंबूल येथे अन्ननलिकेच्या एका शस्त्रक्रियेत सांध्याच्या संरक्षणासाठी जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळला. पुढे अनेक वर्षांनी त्या रुग्णाला जळजळीचा त्रास नसल्याचे त्यांच्या लक्षात आले. त्यातूनच जठराची घडी घालण्याची शस्त्रक्रिया जन्मास आली आणि १९५६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. या शस्त्रक्रियेचा उगमच पाठपुराव्यात आहे, हे येथे अधोरेखित करावेसे वाटते. जुन्या रुग्णाची पुन्हा चौकशी केली नसती, तर ही कल्पना सुचलीच नसती.

दुसरे उदाहरण याहून बोधप्रद आहे. इंग्लंडमधील शल्यविशारद फिलिप ॲलिसन यांनी १९५१ मध्ये हायटस हर्नियाच्या दुरुस्तीची शस्त्रक्रिया मांडली. ती गाजली आणि सर्वत्र केली जाऊ लागली. १९७३ मध्ये ॲलिसन यांनी स्वतःच आपल्या रुग्णांचा वीस वर्षांचा आढावा प्रसिद्ध केला आणि जवळजवळ निम्म्या रुग्णांत विकार परतल्याचे नमूद केले. ज्या शस्त्रक्रियेवर नावलौकिक उभा होता, तिचे अपयश स्वतःच्या हाताने लिहून ठेवणे सोपे नव्हे. वैद्यकाच्या इतिहासात शोधाइतकेच मोल अशा कबुलीचे असते.

या शस्त्रक्रिया छाती किंवा पोट उघडून केल्या जात. १९९१ मध्ये बेल्जियममध्ये डालमान्य आणि कॅनडात जॅजिआ यांनी हीच घडी दुर्बिणीच्या साहाय्याने, लहान छिद्रांतून घातल्याचे वृत्त दिले. भारतात त्यापूर्वीच, १९९० मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची देशातील पहिली शस्त्रक्रिया केली होती. त्यामुळे हे तंत्र महाराष्ट्रात रुजण्यास विलंब लागला नाही. रुग्णालयातील वास्तव्य घटले, वेदना घटल्या, जखमेचे व्रण जवळजवळ दिसेनासे झाले.

याच सुमारास औषधांनीही क्रांती केली होती. आम्लनिर्मिती प्रभावीपणे रोखणारे ओमेप्राझोल १९८८ मध्ये बाजारात आले. शस्त्रक्रियेला आता आणखी एक प्रतिस्पर्धी मिळाला. 'शस्त्रक्रिया करा आणि गोळ्यांतून मुक्त व्हा' हे तिचे मुख्य आश्वासन बनले. त्या आश्वासनाचे पुढे काय झाले, हे तपासता येते, कारण त्याच्या नोंदी आहेत.

७. दीर्घकालीन निष्पत्ती : आकडे काय सांगतात?

अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत २४७ रुग्णांवर झालेल्या तुलनेत प्रारंभी शस्त्रक्रिया औषधाहून सरस ठरली होती. याच रुग्णांचा दहा वर्षांहून अधिक काळानंतरचा आढावा स्पेक्लर व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केला. मूळ रुग्णांपैकी २३९ जणांचा ठावठिकाणा त्यांनी शोधून काढला होता. पाहणीत सहभागी झालेल्यांपैकी औषधगटातील ९२ टक्के रुग्ण नियमित औषध घेत होते, हे अपेक्षितच होते. पण शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीही ६२ टक्के रुग्ण आम्लविरोधी औषध नियमित घेत होते. या शस्त्रक्रिया पोट उघडून केलेल्या होत्या, हे लक्षात ठेवावयास हवे.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे चित्र अधिक आशादायक आहे. डालमान्य यांच्या गटाने २००६ मध्ये दिलेल्या दहा वर्षांच्या आढाव्यात सुमारे ८९ टक्के रुग्णांना लक्षणीय प्रतिप्रवाहाचा त्रास नव्हता. अर्थात तो निष्णात व प्रवर्तक केंद्राचा अनुभव होता. युरोपातील अकरा देशांत ५५४ रुग्णांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पाच वर्षांनंतर औषधगटातील ९२ टक्के व शस्त्रक्रियागटातील ८५ टक्के रुग्णांचा विकार आटोक्यात होता. स्वीडनमधील २,६५५ रुग्णांचा राष्ट्रीय नोंदींवर आधारित अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर १७.७ टक्के रुग्णांत विकार परतल्याचे आढळले. त्यांतील बहुतेकांना पुन्हा दीर्घकाळ औषध घ्यावे लागले, तर काहींवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली.

याहूनही कमी छेदाच्या, तोंडावाटे दुर्बीण घालून करावयाच्या उपचारांचा इतिहास सावधगिरी शिकविणारा आहे. २००० नंतरच्या दशकात अशी अनेक साधने आली. झडपेच्या ठिकाणी द्रव टोचून ते घट्ट करण्याचे 'एंटेरिक्स' हे साधन अमेरिकेत २००३ मध्ये संमत झाले आणि गंभीर दुष्परिणामांमुळे २००५ मध्ये मागे घेण्यात आले. अल्पछेदी म्हणजे निर्धोक, हे समीकरण त्यामुळे खोटे ठरले. छेद लहान असला तरी परिणाम मोठा असू शकतो.

या सर्व आकड्यांतून एकच निष्कर्ष निघतो. दुर्बिणीची शस्त्रक्रिया योग्य रुग्णात बहुतांशी टिकाऊ गुण देते. पण ती पाचांपैकी सुमारे एकाला पुन्हा उपचारांकडे नेते. हे आज आपण ठामपणे सांगू शकतो, ते शस्त्रक्रिया श्रेष्ठ आहे म्हणून नव्हे, तर रुग्ण शोधून काढून त्यांना पुन्हा विचारण्यात आले म्हणून.

८. दोन परंपरांचा संगम : श्वासपटल

शरीररचनेच्या दृष्टीने या दोन परंपरा एका जागी येऊन भेटतात. अन्ननलिका श्वासपटलातील छिद्रातून पोटात उतरते. आम्ल वर चढू न देण्याच्या कामी अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा वर्तुळाकार स्नायू आणि त्याला बाहेरून वेढणारे श्वासपटलाचे तंतू अशी दुहेरी व्यवस्था आहे. शल्यविशारद हे छिद्र टाके घालून अरुंद करतो. योगाभ्यासी त्याच स्नायूला श्वासाने वळण लावू पाहतो.

या दुसऱ्या शक्यतेची नियंत्रित चाचणी ऑस्ट्रियातील ग्राझ येथे झाली आणि २०१२ मध्ये एहरर व सहकाऱ्यांनी ती प्रसिद्ध केली. आम्लप्रतिप्रवाहाच्या १९ रुग्णांपैकी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्यांना उदरश्वसनाचा अभ्यास शिकविण्यात आला. चार आठवड्यांनंतर त्यांच्या अन्ननलिकेतील आम्लाचा काळ ९.१ टक्क्यांवरून ४.७ टक्क्यांवर आला. अभ्यास न करणाऱ्यांत असा बदल दिसला नाही. नऊ महिन्यांनंतर ज्यांनी अभ्यास चालू ठेवला होता, त्यांची औषधाची मात्राही सुमारे एक चतुर्थांशावर आली. रुग्णसंख्या अल्प आहे; म्हणून यावरून मोठे दावे करता येणार नाहीत. परंतु 'ज्यांनी अभ्यास चालू ठेवला' ही अट सर्वांत महत्त्वाची आहे. टाका एकदा घातला की तो रुग्णाच्या इच्छेवर अवलंबून राहत नाही. श्वास मात्र रोज घ्यावा लागतो. योगचिकित्सेची दीर्घकालीन निष्पत्ती म्हणजे अंशतः रुग्णाच्या सातत्याचीच निष्पत्ती होय. 'पी हळद आणि हो गोरी' या वृत्तीला येथे थारा नाही.

ग्राझमध्ये जे तपासले गेले, त्याची सामग्री लोणावळ्यास नव्वद वर्षे आधीपासून होती : अभ्यासक होते, क्रिया होत्या, श्वासपटलाची छायाचित्रेही होती. तरीही सुरक्षिततेची मर्यादा पाळलीच पाहिजे. गिळताना अडकणे, रक्ताची उलटी, अकारण वजन घटणे किंवा जठरव्रण असताना वमनधौतीसारख्या क्रिया करणे धोक्याचे आहे. अशा लक्षणांत प्रथम दुर्बिणीने तपासणी व्हावी, याविषयी मतभेद असू नये.

९. निष्कर्ष

(१) कैवल्यधामने १९२० च्या दशकात योगक्रियांच्या तात्कालिक परिणामांचे मोजमाप सुरू केले, ही भारतीय विज्ञानाच्या इतिहासातील महत्त्वाची घटना आहे.

(२) तात्कालिक शारीरिक परिणाम व दीर्घकालीन रोगनिवारण या भिन्न बाबी आहेत. पहिलीचा पुरावा दुसरीसाठी वापरता येत नाही.

(३) दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेविषयी आज जो विश्वास आहे, तो तिच्या यशाबरोबरच अपयशाच्या नोंदींवर उभा आहे. ॲलिसन यांचा आढावा हा त्याचा आदर्श होय.

(४) योगचिकित्सेच्या बाबतीत निवासी दिनचर्या, आहार व क्रिया यांचे परिणाम वेगळे करून पाहणे आणि घरी परतलेल्या रुग्णांचा पाठपुरावा करणे ही पुढील संशोधनाची दिशा असावी.

मावळ तालुक्यात यासाठी अनुकूल परिस्थिती आहे. लोणावळ्यास योगचिकित्सेची शतकाची परंपरा आहे, तळेगाव दाभाडे येथे १९९५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि कला, वाणिज्य व विज्ञान शाखांची महाविद्यालयेही आहेत. स्थानिक रुग्ण घाट उतरून दूर जात नाही. पाच वर्षांनी त्याच्या दारी जाऊन विचारणे शक्य असते. वैद्यकाचे अध्यापक निदान करतील, योगाचे अध्यापक अभ्यास देतील, संख्याशास्त्राचे अध्यापक नमुना ठरवतील आणि समाजशास्त्राचे विद्यार्थी पाहणी करतील, तर असा अभ्यास फार खर्चिक ठरणार नाही. त्याला लागेल ती चिकाटी.

कुवलयानंदांनी गुरूकडून मिळालेली विद्या श्रद्धेने स्वीकारली आणि तरीही ती क्ष-किरणांपुढे उभी केली. त्यांच्या परंपरेचा आदर करावयाचा तर त्यांचे निष्कर्ष जपण्यापेक्षा त्यांची प्रश्न विचारण्याची रीत जपणे अधिक अगत्याचे आहे. एका क्षणाचे छायाचित्र त्यांनी घेऊन ठेवले आहे. पुढच्या दहा वर्षांची नोंदवही लिहिण्याचे काम आता आपल्या पिढीकडे आले आहे.